वीस पाहुण्यांची न्याहारी रात्रीच लावून ठेवताना

आपल्याकडे कॅसरोल म्हटले की चपात्यांचा गरम डबा डोळ्यांसमोर येतो. येथे मात्र दूध-अंड्यात रात्रभर मुरवून सकाळी भाजलेला पाव आणि फळे असा पदार्थ अभिप्रेत आहे. वीस जणांसाठी कढईभर पोहे टाकता येतात, परंतु शेवटचा पाहुणा आंघोळ उरकून येईपर्यंत ते सुकतात, म्हणून साताऱ्यात थंडीच्या दिवसांत घर भरले की आम्ही हाच मार्ग धरतो.

तेरा बाय नऊ इंचांचा एक ट्रे दहा जणांना पुरतो. त्यासाठी ४०० ग्रॅम ब्रेड, ८ अंडी, ७५० मिली दूध, १२५ ग्रॅम साखर, थोडी वेलदोड्याची पूड, १०० ग्रॅम सांगलीचा बेदाणा आणि ४०० ग्रॅम महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घ्यावी. वीस जणांसाठी दोन ट्रे लावावेत; सगळे एकाच खोल भांड्यात भरल्यास कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो.

ब्रेड शिळाच हवा. त्याचे इंचभर तुकडे करून, हाताला कडक लागेपर्यंत ते दुपारभर परातीत पसरून ठेवावेत. एकदा घाईत ताजा, लुसलुशीत ब्रेड वापरला आणि सकाळी ट्रेमध्ये निव्वळ लगदा निघाला. तुकड्यांत बेदाणा मिसळून, साखर विरघळेपर्यंत फेटलेले दूध-अंडे वरून ओतावे, तुकडे हलके दाबावेत आणि ट्रे झाकून फ्रिजमध्ये ठेवावा.

स्ट्रॉबेरी मात्र रात्री घालू नये, कारण तिला पाणी सुटून तळाशी गुलाबी डबके साचते. ती देठासकट धुवून, पुसून, सकाळीच चिरून वर पसरावी. अननस हवा असल्यास आधी शिजवून घ्यावा. कच्च्या अननसातील ब्रोमेलेन हे एन्झाइम दूध-अंड्यातील प्रथिने तोडते आणि मिश्रण नीट धरत नाही.

सकाळी ट्रे अर्धा तास बाहेर ठेवावा. काचेचा ट्रे थंडगार असताना ओव्हनमध्ये सारला तर तडकू शकतो. १८० अंशांवर साधारण ५० मिनिटे लागतात. पहिली २५ मिनिटे वर फॉइल असावी. मध्यभागी खुपसलेली सुरी ओलसर पण दुधाविना निघाली की झाले. घरचा ओव्हन लहान असेल, तर नानकटाईप्रमाणे हे ट्रेही ओळखीच्या बेकरीतून भाजून आणता येतात. तेथील भट्टी जास्त तापलेली असते, म्हणून अर्ध्या तासानंतर लक्ष ठेवण्यास सांगावे. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे थांबूनच वड्या पाडाव्यात, अन्यथा त्या उचलताना मोडतात.