एसएसडी घ्यायच्या आधी कॉम्प्युटरचं झाकण उघडा

एसएसडी म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. मी पहिल्यांदा अमरावतीहून तिच्यातली वेगवान जात, एनव्हीएमई एसएसडी घेऊन आलो, खोक्यावरचा स्पीड पाहून लय खूश, आणि घरी झाकण उघडून पाहतो तं मदरबोर्डात (आतली मुख्य पाटी) ती बसवायला जागाच नाही. परत एसटीचं भाडं. म्हणून दुकानात जायच्या आधी हे करा.

पहिलं काम, बोर्डाचं मॉडेल शोधा. कीबोर्डवर विंडोज आणि आर ही बटणं सोबत दाबून एमएसइन्फो३२ (msinfo32) टाका, बेसबोर्ड प्रॉडक्टसमोर नाव दिसेल, त्याचं मॅन्युअल नेटवर पाहा. एम.२ स्लॉट, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच, नसंल तं साधी २.५ इंची साटा एसएसडी घ्या, साटा म्हणजे केबलनं जोडायची जुनी, हळू पद्धत. स्लॉट असंल तरी तो एनव्हीएमई घेते का नुसती साटा, हे वाचा, साटा एसएसडी पट्टीच्या रूपातही येते आणि दोन्ही पट्ट्या दिसायला जवळपास सारख्याच असतात बावा. पट्टीचं माप बहुतेक २२८० असते, म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब.

आता स्पीड. जुनी हार्डडिस्क सेकंदाला १००-१५० एमबी देते, साटा साधारण ५५०, जेन ३ (तिसऱ्या पिढीची) एनव्हीएमई ३५००, जेन ४ तं ७००० पर्यंत. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली वाचाव्या लागतात, हार्डडिस्कची सुई तिथंच इकडून तिकडं फिरत बसते, एसएसडीत फिरणारं काही नसतेच, त्यामुळं खरा फरक हार्डडिस्क सोडल्यावरच पडते. साटावरून एनव्हीएमईवर गेलं तं सातबारा काढताना काही समजत नाही. लग्नाचे व्हिडिओ एडिट करत असाल तं गोष्ट वेगळी. जेन ४ जेन ३ च्या स्लॉटात चालते, फक्त जेन ३ च्याच स्पीडनं.

मंग आतलं पाहा. टीएलसी आणि क्यूएलसी हे चिपचे दोन प्रकार, त्यातली टीएलसी घ्या. क्यूएलसी स्वस्त असते, पण मोठी कॉपी लावली की कॅशे (आतली वेगवान तात्पुरती जागा) भरते आणि स्पीड पार बसते. वॉरंटीत वर्षांसोबत टीबीडब्ल्यूचा, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहिता येईल त्याचा आकडा असते, दोन्हीतलं जे आधी संपलं तिथं वॉरंटी संपली.

आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, एनव्हीएमई तापली की आपोआप हळू होते, तं हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) लावाच. आणि लाईन कधी जाईल नेम नाही, लिहिणं चालू असताना गेली तं फाइल खराब होऊ शकते, यूपीएस पाहिजेच.

बसवल्यावर डिस्कची हालत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवा. नवी म्हणून दिलेल्या डिस्कवर पॉवर ऑन अवर्स (किती तास चालली) हजारात दिसून राहिले तं ती वापरलेली आहे, बिल सोबत घेऊन डिस्क त्याच दिवशी परत करा.