कामासाठी शहर बदलण्यापूर्वी तिथला रोजगार बाजार कसा जोखावा

नियुक्तिपत्र हाती आले की त्यातला पगाराचा आकडा आणि रुजू होण्याची तारीख पुन्हा पुन्हा वाचली जाते, आणि शहराचा विचार तिथेच थांबतो. हे पत्र एका नोकरीबद्दल असते. ती नोकरी दोन वर्षांत गेली, विभाग बंद झाला किंवा वरिष्ठांशी पटले नाही, तर घर न हलवता त्याच शहरात दुसरी नोकरी मिळेल का, हे त्या पत्रातून कळत नाही. माझ्या मते शहर पहिल्या नोकरीवरून न जोखता या दुसऱ्या नोकरीवरून जोखावे. पुढच्या सर्व पायऱ्या त्यासाठीच आहेत.

सुरुवात आपल्या कामाची नेमकी व्याख्या करण्यापासून करावी. ‘आरोग्य क्षेत्र’, ‘बांधकाम’ किंवा ‘संगणक क्षेत्र’ असे शब्द येथे उपयोगाचे नाहीत, कारण एखाद्या शहरात रुग्णालये भरपूर असूनही प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाच्या जागा मोजक्याच असू शकतात. आपले काम ज्या ज्या पदनामांनी जाहिरातींत येते, ती पाच-सहा नावे, लागणारी कौशल्ये आणि अनुभवाची वर्षे एका कागदावर लिहून ठेवावीत. यापुढची प्रत्येक मोजणी या कागदाला धरूनच करावी.

त्यानंतर सरकारी आकडेवारी पाहावी. भारतात 2017 पासून नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण होते. अमेरिकेत कामगार सांख्यिकी विभाग महानगरनिहाय आकडे प्रसिद्ध करतो. इतर अनेक देशांतही अशी व्यवस्था आहे. मात्र बेरोजगारीचा दर वाचताना तो कसा काढला जातो हे लक्षात ठेवणे फार आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या निकषांनुसार ज्याच्याकडे काम नाही, जो काम करायला उपलब्ध आहे आणि जो काम शोधतो आहे, तोच बेरोजगार धरला जातो. सर्वेक्षणासाठी धरलेल्या आठवड्यात एक तासभर मोबदल्याचे काम केलेली व्यक्तीसुद्धा रोजगारात मोजली जाते. शोधून थकलेले लोक या दरात येत नाहीत, आणि शहर सोडून गेलेले तर मुळीच येत नाहीत. म्हणून दर कमी दिसला तरी त्याच काळात काम करणाऱ्यांची एकूण संख्या वाढली की घटली, हे किमान पाच वर्षांच्या आकड्यांवरून तपासावे. दर आणि संख्या दोन्ही घसरत असतील, तर तिथून माणसे निघून जात असण्याचा संभव मोठा असतो. शिवाय ही सर्वेक्षणे नमुन्यावर आधारलेली असल्यामुळे लहान शहराच्या एका तिमाहीतील चढउतारावर विसंबून राहू नये.

आपले क्षेत्र त्या शहरात किती रुजले आहे, हे एका सोप्या भागाकारातून कळते. शहरातील एकूण नोकऱ्यांपैकी त्या क्षेत्राचा वाटा 8 टक्के आणि देशात तोच वाटा 4 टक्के असेल, तर उत्तर 2 येते, म्हणजे ते क्षेत्र तिथे देशाच्या दुप्पट प्रमाणात एकवटलेले आहे. आकडा 1 पेक्षा बराच मोठा असेल, तर दुसरी नोकरी मिळण्याची शक्यता साधारणपणे वाढते. पण धोकाही त्यातच दडलेला असतो. अमेरिकेतील डेट्रॉइट शहर मोटार उद्योगावर उभे राहिले. 1950 साली तिथली लोकसंख्या सुमारे 18.5 लाख होती, 2010 मध्ये ती सुमारे 7.1 लाखांवर आली आणि 2013 मध्ये शहराच्या प्रशासनाने दिवाळखोरी जाहीर केली. या घसरणीची कारणे अनेक होती, परंतु एकाच उद्योगावरचे अवलंबन त्यांपैकी मोठे होते. अमेरिकेतल्याच, पोलाद उद्योगाच्या पिट्सबर्ग शहरात 1980 च्या दशकात कारखाने बंद पडत गेले आणि पुढे रुग्णालये व विद्यापीठे तिथली मोठी रोजगारदाती ठरली. शहर सावरले, पण त्याला काही दशके लागली, आणि नोकरदार माणसाच्या हाती एवढा वेळ नसतो.

म्हणून केवळ मालक किती आहेत हे मोजून थांबू नये, तर त्यांचे ग्राहक कोण आहेत हेही पाहावे. दहा कंपन्या एकाच मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवत असतील, तर मंदीत त्या दहाही दारे एकदमच बंद होतात.

जाहिराती मोजण्याचे काम सलग सहा आठवडे, दर आठवड्याच्या ठरावीक दिवशी करावे. प्रत्येक जाहिरातीसमोर मालकाचे नाव, अनुभवाची अट, वेतन आणि ती प्रथम केव्हा दिसली, हे नोंदवावे. एकच जागा तीन भरती संस्था आपापल्या नावाने टाकतात, त्यामुळे जाहिरातींच्या संख्येपेक्षा वेगवेगळ्या मालकांची संख्या महत्त्वाची मानावी. तीच जागा सहाही आठवडे झळकत राहिली, तर तिथे प्रत्यक्ष भरती होत नसावी किंवा माणसे टिकत नसावीत, अशी शंका धरून चौकशी करावी.

वेतनाच्या बाबतीत सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे निम्म्या लोकांचे वेतन ज्याच्या खाली आणि निम्म्यांचे वर असते तो आकडा पाहावा, कारण थोड्या लोकांचे अवाढव्य पगार सरासरी वर ओढतात. हाती येणाऱ्या पगारातून घरभाडे आणि प्रवासखर्च वजा करून उरलेल्या रकमेची आजच्या शिलकीशी तुलना करावी. घरभाडे मात्र कामाच्या ठिकाणी आपण रोज जितका वेळ प्रवास करू शकू, तेवढ्या अंतरातलेच धरावे.

नोकरी हातात नसताना जायचे असेल, तर जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो या अर्थशास्त्रज्ञांनी 1970 मध्ये मांडलेला विचार उपयोगी पडतो: स्थलांतर करणारा माणूस वेतनाला ते मिळण्याच्या शक्यतेने गुणून पाहतो. वेतन दीडपट असले, पण काम मिळण्याची शक्यता निम्मीच असली, तर अपेक्षित उत्पन्न आजच्या पाऊणपटच राहते. ही शक्यता आपल्या नोंदींवरून काढावी आणि मुद्दाम थोडी कमीच धरावी.

आकड्यांत न दिसणारे माणसांना विचारावे. गेल्या वर्षभरात तिथे रुजू झालेला एक, ते शहर सोडून आलेला एक आणि स्वतः भरती करणारा एक, अशा तिघांशी तरी बोलावे. ‘शहर कसे आहे?’ असे विचारल्यास मोघम उत्तर मिळते. ‘तुमच्या ओळखीत शेवटची नोकरी कोणाची गेली आणि दुसरी मिळायला किती महिने लागले?’ या प्रश्नाचे उत्तर कामाचे असते. परवान्यावर चालणाऱ्या व्यवसायांत आपली नोंदणी तिथे चालते का, हेही याच वेळी तपासावे. अमेरिकेत वकील आणि शिक्षक यांना राज्यागणिक वेगळा परवाना लागतो. घरात दोघे कमावते असतील, तर ही सगळी मोजणी जोडीदाराच्या कामासाठीही तितक्याच काटेकोरपणे करावी. ही पायरी बहुतेक वेळा वगळली जाते आणि त्याचा भार पुढे एकाच व्यक्तीवर येतो.

शेवटी, तिघांनी सांगितलेल्या महिन्यांपैकी सर्वांत मोठा आकडा घ्यावा, त्याला त्या शहरातील मासिक खर्चाने गुणावे आणि त्यात परतीचा खर्च मिळवावा. तेवढी रक्कम जवळ नसेल, तर निघण्याची तारीख पुढे ढकलावी आणि जाहिरातींची नोंद तोवर चालू ठेवावी.