नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या जुन्या वस्त्या शोधताय? या चुका टाळा

उपग्रहाचा नकाशा उघडायचा, आजचा नदीकाठ धरायचा आणि तिथंच प्राचीन गावं हुडकायची, ही पहिली चूक. नाईलचे आज दोनच मोठे फाटे उरलेत, रशीद आणि दमिएत्ता. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं सात सांगितले होते. त्यामुळे शेतात, पाण्यापासून लांब दिसणारं टेकाड कधीकाळी बंदर असू शकतं. आधी जुने प्रवाह आखा, गावं नंतर. १९६०च्या दशकातली ‘कोरोना’ या अमेरिकी हेर-उपग्रहांची छायाचित्रं इथं फार कामाची. त्यानंतर बरीच टेकाडं सपाट झाली.

दुसरी चूक भल्याभल्यांनी केली आहे. त्रिभुज प्रदेशातल्या तानिस या प्राचीन शहरात इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्या नावाचे पुतळे नि स्तंभ ढिगानं मिळाले, म्हणून उत्खनन करणाऱ्या प्येर माँते यांनी हीच त्याची राजधानी पी-रामसेस असं धरलं. पण त्या काळाचा वस्तीचा थर तिथं नव्हता. राजधानी होती सुमारे २० किलोमीटर दक्षिणेला, आजच्या कांतीरजवळ. तिथला पेलुसियाक फाटा गाळानं भरत गेला, शहर ओसरलं आणि पुढच्या राजांनी तयार दगड उचलून तानिसला नेले. तेव्हा कोरीव लेख एक काळ सांगतोय आणि खापरं दुसराच, असं झालं तर खापरांचं ऐका. पुतळ्यावरचं नाव वाचण्याआधी तो कुठल्या थरावर उभा आहे ते पाहा.

वर काही दिसत नाही म्हणजे खाली काही नाही, असंही समजू नका. पुरानं दरवर्षी गाळ टाकला, भूजल वर आलं. त्रिभुज प्रदेशातल्याच बुटो या प्राचीन शहराचे सर्वांत जुने थर पाण्याखाली आहेत, पंप लावल्याशिवाय खणता येत नाही. अशा ठिकाणी हातानं फिरवायच्या गिरमिटानं मातीचे नमुने काढा. खाली वाळूचा उंचवटा लागला तर आशा धरा, कारण पुरापासून वाचायला लोक अशाच ‘गेझिरां’वर राहिले.

टेकाडाच्या आजच्या उंचीवरून गावाचा आकार ठरवणंही धोक्याचं. विटांची जुनी माती खत म्हणून शेतकऱ्यांनी गाड्या भरभरून नेली. आपल्याकडच्या पांढरीचंही, म्हणजे जुन्या गावठाणाच्या मातीचंही, तेच झालं.

आणि शोध किनाऱ्यावर संपवू नका. थोनिस-हेराक्लिऑन हे बंदर अबू किरच्या उपसागरात, आजच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेसहा किलोमीटर समुद्रात सापडलं.