आटपाडीच्या यात्रेला मेंढरे आणि लोकर नेताना

कार्तिक महिन्यात सांगली जिल्ह्यातील आटपाडीला शेळ्या-मेंढ्यांची मोठी यात्रा भरते. तेथे माडग्याळी जातीचा मेंढा आणि दख्खनी जातीच्या मेंढरांची लोकर दोन्ही मांडू पाहणाऱ्या कुटुंबाने तयारीला लोकरीपासून हात घालावा, कारण मेंढा दोन दिवस आधी धुऊनही उभा करता येतो, घोंगड्याला मात्र महिने लागतात. माडग्याळीच्या अंगावर कातरण्याजोगी लोकर फारशी नसते, म्हणून ही तयारी कळपातील दख्खनी मेंढरांवरच अवलंबून असते.

दख्खनीची कातरणी वर्षातून दोनदा होते. त्यांपैकी उन्हाळ्यातील लोकर राखून ठेवावी, काळी आणि पांढरी एकमेकींत मिसळू देऊ नये आणि कोकरांचे मऊ जावळ निराळ्या पोत्यात बांधावे. पिंजण आणि सूतकताई पावसाळ्यात घरात बसून उरकते. परंतु भिजवून वाटलेल्या चिंचोक्यांची खळ (चिकट लापशी) सुताला लावल्यावर ते कडक उन्हातच वाळावे लागते, तेव्हा उघडीप मिळताच ते काम आधी संपवावे. विणकर सणगर, म्हणजे घोंगडी विणणाऱ्या समाजातला असेल, तर त्याला हात-लांबी आणि काठाचा रंग वेळेवर सांगावा. घोंगडे टोचते का, हे गिऱ्हाईक विचारतेच. टोचते, असे सरळ सांगावे आणि जावळाचे घोंगडे हातात द्यावे. घरातील आजींना मांडवात सूत कातत बसण्याची विनंती करावी. गर्दी मेंढ्याभोवती जमते, पण आजींच्या हाताकडे पाहत थांबणारा माणूस बहुधा लोकरीविषयी विचारतो.

मेंढ्याला पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा सांसर्गिक विषाणूजन्य रोग) आणि आंत्रविषार (आतड्यातील जिवाणूंच्या विषाने होणारा रोग) यांच्या लसी यात्रेच्या किमान तीन आठवडे आधी टोचून घ्याव्यात, कानातील बिल्ला शाबूत आहे ना हे पाहावे आणि पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला सोबत ठेवावा. अंग भरावे म्हणून शेवटच्या आठवड्यात मका वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. एकाएकी वाढवलेल्या धान्याने पोट बिघडते आणि जनावर ऐन यात्रेत मान टाकून उभे राहते. बाकदार नाक, लांब कान आणि उंची लोकांना आपोआप दिसते. वय मात्र खरेच सांगावे, कारण जाणता माणूस ओठ वर करून दोन दाती की चार दाती हे लगेच पाहतो. मुलांनी मेंढ्याला महिनाभर रोज दोरीने रस्त्याकडेने फिरवावे, म्हणजे तो हलगीला बुजणार नाही.

गाडीच्या तळाशी पाचट अंथरावे, दोन मेंढे एकत्र न बांधता मध्ये फळी घालावी आणि रात्रीच्या गारव्यात निघावे. वाघर (मेंढरे कोंडण्याचे जाळे), खुंट्या, घमेले, बादली, विजेरी आणि हरभऱ्याचा भुसा घरूनच न्यावा. विक्रीच्या लोकरीवर गुलाल पडला, तर तो सहजी निघत नाही, म्हणून झाकायला जाड कापड घ्यावे. मेंढ्याचा भाव घरातील एकानेच बोलावा, मग तो सौदा रुमालाखाली बोटांच्या खुणांनी होवो की चारचौघांत. घोंगड्यांचा भाव बायकांनी ठरवावा, कारण त्यात किती दिवसांचे सूत गेले हे त्यांनाच ठाऊक असते.

न विकलेली मेंढरे परत आणल्यावर तीन आठवडे कळपापासून दूर, वेगळ्या वाघरीत ठेवावीत आणि त्यांची बादलीही वेगळीच असावी.