शजरा वरून नाही, खालून वाचा

घरात जुना शजरा, म्हणजे वंशावळीचा कागद, सापडला की सगळे आधी सगळ्यात वरचं नाव बघतात, हजरत अली, इमाम हुसेन, आणि ते बघितलं की डोळे भरून येतात आणि कागद परत ट्रंकेत जातो. मी इथं सोलापुरात ओळखीच्या लोकांचे शजरे वाचून देतो आणि प्रत्येकाला एकच सांगतो, खालून सुरू करा. वरची दहा-बारा नावं बहुतेक सय्यद घराण्यांत, म्हणजे पैगंबरांच्या वंशातली म्हणवणाऱ्यांत, थोड्याफार फरकानं तीच असतात, खालची चार-पाच घरातल्या म्हाताऱ्यांना पाठ असतात, बघायचा असतो तो मधला सांधा.

आधी फोटो काढा. जुना कागद घडीवर तुटतो, म्हणून सावकाश उलगडा, दिवसाच्या उजेडात तुकड्या-तुकड्यानं काढा आणि मागची बाजू विसरू नका, कारण मागं कधीकधी मोडीत एखादी ओळ असते, इनामाची नाहीतर वाटणीची, आणि ती पुढं फार कामाला येते.

आता दोन नावांच्या मधला शब्द बघा, सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. 'बिन' किंवा 'इब्न' म्हणजे मुलगा. पण 'मुरीद' (शिष्य) किंवा 'खलीफा' (पीरानं नेमलेला वारस शिष्य) आलं की ते रक्ताचं नातं नाही, पीराकडून मुरीदाकडं आलेला सिलसिला, म्हणजे गुरुपरंपरा, आहे, त्यालाही शजराच म्हणतात आणि इथंच निम्मे घोळ होतात. माझ्या आजोळच्या कागदात आठव्या नावापर्यंत 'बिन' आहे, तिथून शाई जरा फिकी होते आणि 'खलीफा' सुरू होतं. मामूंना दाखवलं तर ते बराच वेळ त्या शब्दावर बोट ठेवून बसले, मग म्हणाले, "म्हणजे हे आपले उस्ताद, आजे नाहीत." कादरी, चिश्ती या सूफी पंथांची नावं पण अशीच सिलसिल्यातून येऊ शकतात, नुसत्या कादरी नावावरून कुणी बगदादच्या अब्दुल कादिर जिलानींच्या (मृत्यू ११६६) वंशातला ठरत नाही.

मग नावं मोजा. इतिहासकार इब्न खल्दूननी चौदाव्या शतकात हिशोब सांगितलाय, शंभर वर्षांला तीन पिढ्या. इमाम हुसेन ६८० मध्ये करबलात शहीद झाले, तिथून आजपर्यंत साडेतेराशे वर्षं, म्हणजे चाळीसच्या आसपास नावं हवीत. पाच-सहा कमीजास्त चालतील, पण वीस-बावीसच असतील तर मधली नावं गळलीत नाहीतर दोन वेगळे कागद जोडलेत. कागदावर हिजरी सन असेल तर लक्षात ठेवा की हिजरी १३०० हे १८८२ च्या शेवटी सुरू झालं.

वरच्या भागात दोन ठिकाणी थांबायचं. इमाम हुसेनांचा वंश फक्त झैनुल आबिदीन यांच्यापासून पुढं चालला, दुसऱ्या मुलाचं नाव असेल तर गडबड आहे. इमाम रझांच्या वंशातले म्हणवणाऱ्या रिझवींच्या शजऱ्यात इमाम रझांनंतर मुहम्मद तकीच यायला हवेत, जुने वंशावळीकार वंश त्यांच्यापासूनच धरतात.

आडनावांचं थोडक्यात सांगतो. सिद्दीकी म्हणजे हजरत अबू बक्र यांचे वंशज, कुळ बनू तैम, फारूकी हजरत उमर यांचे, कुळ बनू अदी, दोन्ही मक्केच्या कुरैश कबिल्यातलीच, पण पैगंबरांचं कुळ बनू हाशिम नाहीत. अन्सार म्हणजे पैगंबरांना साथ देणारे मदिनेचे लोक, औस आणि खझरज कबिल्यांचे. आपल्या देशात विणकर बिरादरीनं अन्सारी आणि खाटीक बिरादरीनं कुरेशी नाव घेतलं, ते बरंचसं विसाव्या शतकातलं आहे, आणि मागावर पिढ्या घालवलेल्या घरानं ते अभिमानानं लावावं, फक्त त्याला वंशाचा पुरावा समजू नये. वंशाशिवाय असं नाव लागणं अरबस्तानाबाहेर आधीपासून आहे, हदीसवाले इमाम बुखारी 'जुअफी' म्हणवले जातात ते त्यांचे पणजोबा जुअफी या अरब कबिल्याच्या एका हाकिमाच्या (सुभेदाराच्या) हातावर मुसलमान झाले म्हणून, रक्तानं ते जुअफी नव्हते.

नसबाची, म्हणजे वंशाची, तपासणी करणं म्हणजे बेअदबी असं कुणी म्हणालं तर सांगा की अब्बासी काळात यासाठी नकीब नावाचा अधिकारीच असायचा, सय्यदांची नोंद ठेवायचा, खोटा दावा पकडायचा. आणि यात राजकारण पण भरपूर झालंय. १०११ मध्ये बगदादमध्ये अब्बासी खलिफानं (इथं खलिफा म्हणजे राज्यकर्ता) हजरत फातिमांचा वंश सांगणाऱ्या फातिमी घराण्याचा वंश खोटा आहे असं जाहीरनामा काढून म्हटलं, त्यावर मोठ्या अली-वंशीयांच्या सह्या होत्या, पण कैरोचे फातिमी त्या खलिफाचे दुश्मन होते हे पण ध्यानात घ्या.

मधल्या सांध्यासाठी सरकारी कागद शोधा. घरात काझी, मुजावर, खतीब असं काम असेल तर इनामाचा कागद असण्याची शक्यता मोठी, १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशननं हक्कदारांकडून पुरावे मागितले होते आणि अशी दप्तरं पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. तिथली वंशावळ आणि तुमचा शजरा समोरासमोर ठेवून नाव न् नाव जुळवा, मोडी वाचणारा सोबत न्या. डीएनए टेस्टवर पैसे घालण्याआधी विचार करा, ती फार तर बापाकडची लांबची शाखा दाखवते, ठराविक माणसाचं नाव सांगत नाही.

शेवटी नवी प्रत लिहाल तेव्हा खात्रीचं नातं सरळ रेघेनं आणि शंकेचं तुटक रेघेनं दाखवा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या फुफूला (आत्याला) शेजारी बसवून रेकॉर्डिंग चालू करा, कारण शजऱ्यात आया-बहिणींची नावं बहुधा नसतातच, आणि कोण कुठून लग्न होऊन आली, कोण लहानपणीच गेला, हे फक्त तिलाच माहीत असतं.