तू कशानं मरून राहिली, ते वाचलं का?

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचे पेपर संपले आणि मे महिना लागला. नागपुरात मे म्हणजे सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत घराबाहेर पाय टाकायचा नाही. पारा 45 च्या आसपास, रस्ते सामसूम, आणि दर दोन-तीन तासांनी उठून कूलरच्या टाकीत पाणी टाकायचं. त्या दुपारी मी 'नेव्हरविंटर नाइट्स' हा कॉम्प्युटर गेम खेळायला शिकले. शिकले म्हणतेय ते मुद्दाम. जे मॉड्यूल, म्हणजे त्या गेममध्ये कोणीतरी बांधलेलं स्वतंत्र साहस, माझ्या वाट्याला आलं, ते नुसतं खेळून संपणारं नव्हतंच. आता जे कोणी असलं कठीण, लढायांनी भरलेलं मॉड्यूल पहिल्यांदा उघडणार आहेत, त्यांना माझ्या चुका आधी ठाऊक असाव्यात म्हणून हे लिहितेय.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा गेम बायोवेअरनं 2002 मध्ये काढला. आत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांवर खेळायच्या साहस-खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीचे नियम चालतात. गेमसोबत त्यांनी ऑरोरा टूलसेट दिला, म्हणजे ज्या हत्यारांनी त्यांनी आपली कथा बांधली तीच खेळणाऱ्यांच्या हातात ठेवली. तेव्हापासून लोक आपापली साहसं बांधून फुकट वाटत आले आहेत. 2018 मध्ये बीमडॉगनं सुधारित आवृत्ती आणली, मी तीच खेळते, आणि ती माझ्या जुन्या लॅपटॉपवरही विनातक्रार चालते. मॉड्यूलची फाइल 'मॉड्यूल्स' फोल्डरमध्ये टाकायची, सोबत हॅक फाइल (जादा चित्रं-साहित्याची) असेल तर ती 'हॅक' फोल्डरमध्ये, मग 'न्यू गेम'मध्ये जाऊन 'अदर मॉड्यूल्स'. बनवणाऱ्यानं दिलेली रीडमी फाइल मात्र आधी वाचा. किती लेव्हलचं पात्र घ्यायचं, सोबती किती मिळतात, विश्रांती कुठे घेता येते, हे सगळं तिथे असतं. मी खेळले त्या मॉड्यूलचं नाव आणि कथा इथे सांगत नाही, तुम्ही कधी त्याच वाटेनं गेलात तर मजा जायला नको.

मी फायटर, म्हणजे लढवय्या, घेतला. नाव ठेवलं बख्त, आपलं नागपूर वसवणाऱ्या गोंड राजा बख्त बुलंद शाहावरून. ताकद भरपूर, अंगावर चिलखत, हातात तलवार. पहिल्या दोन लढाया सहज गेल्या. तिसरीत, एका पुलाजवळ, चार दरोडेखोर आले आणि बख्त मेला. लोड केलं, परत मेला. त्या दुपारी मी अकरा वेळा त्या पुलावर मेले. दरवेळी तेच व्हायचं: बख्त खाली पडायचा, उठायचा, परत पडायचा, आणि पडलेल्या माणसावर चौघं तुटून पडायचे. मला वाटलं तलवार कमी पडतेय. मग वाटलं नशीबच वाईट, फासे उलटे पडताहेत.

हे मॉड्यूल मला मावसभावानं दिलं होतं. तो संध्याकाळी आला, खुर्ची ओढून शेजारी बसला आणि बाराव्यांदा मरताना त्यानं मला पाहिलं. काही न बोलता त्यानं स्क्रीनच्या खालची संदेशांची खिडकी माउसनं वर ओढून मोठी केली.

"तू कशानं मरून राहिली, ते वाचलं का?"

मी वाचलं नव्हतं. त्या खिडकीत सगळ्या लढाईचा हिशेब ओळीनं लिहिलेला होता. कोणी कोणावर वार केला, फासा किती पडला, त्यात किती मिळवले, बेरीज किती, वार लागला की चुकला. आणि मध्ये मध्ये एक ओळ परत परत येत होती: दरोडेखोर 'नॉकडाउन' करतोय, बख्तचा 'डिसिप्लिन' तपासला, 6 अधिक 3 बरोबर 9, समोर 15, अपयश.

नॉकडाउन म्हणजे समोरच्याला खाली पाडायचा डाव. पाडणाऱ्याला त्या वारावर 4 चा तोटा होतो, पण वार लागला तर त्याची जी बेरीज आली तिच्याशी तुमच्या डिसिप्लिन या कौशल्याची झुंज लागते. हरलात की जमिनीवर. आता डिसिप्लिन. पात्र बनवताना मी ते नाव पाहिलं होतं आणि शाळेतल्या शिस्तीसारखं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं होतं. गुण टाकले होते दुसरीकडेच, जिथे फायटरला त्यांचा काही उपयोग नाही. त्यामुळे माझ्याकडे फक्त ताकदीचे 3 होते. 15 गाठायला वीस बाजूंच्या फाशावर 12 किंवा जास्त हवे, म्हणजे वीसपैकी नऊ वेळाच मी उभी राहणार. बख्त पाचव्या लेव्हलचा होता, आणि त्या लेव्हलला डिसिप्लिनमध्ये जास्तीत जास्त 8 गुण टाकता येतात. ते असते तर 3 अधिक 8 बरोबर 11, आणि मग फाशावर नुसते 4 पुरले असते. वीसपैकी सतरा वेळा. मावसभावानं हे गणित माझ्या अकाउंट्सच्या वहीच्या मागच्या पानावर करून दाखवलं. ते पान मी अजून फाडलेलं नाही.

टाकलेले गुण परत काढता येत नाहीत. मी दुसऱ्या दिवशी नवा बख्त बनवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. चार दिवसांचा खेळ गेला. पुलावर आले तेव्हा हातपाय खरंच गार पडले होते. एकदा पडले, तीनदा उभी राहिले, आणि लढाई जिंकले.

म्हणून पहिली सवय हीच लावून घ्या: मेलात की लगेच लोड करू नका. आधी ती खिडकी वर सरकवून शेवटचे पाच-सहा राउंड वाचा. एक राउंड सहा सेकंदांचा असतो, त्यामुळे वाचायला फार काही नसतंही. कशानं मेलो ते कळल्याशिवाय परत जाणं म्हणजे तोच पेपर न अभ्यासता पुन्हा देणं. फासा वाईट पडला असं क्वचितच निघतं. बहुतेक वेळा कुठला तरी आकडा कमी निघतो, आणि आकडा वाढवता येतो.

यातूनच मला आर्मर क्लास कळला. समोरच्याचा फासा अधिक त्याचा हल्ल्याचा बोनस तुमच्या आर्मर क्लासइतका झाला की वार लागतो. 20 पडला तर लागतोच, 1 पडला तर चुकतोच. वहीत लिहून पाहिलं: माझा आर्मर क्लास 20, समोरच्याचा बोनस 9, म्हणजे त्याला 11 हवे. वीसपैकी दहा वार लागणार. आता इथे मी दुसरी मोठी चूक केली होती. माझ्या बोटात संरक्षणाची अंगठी होती, आणि हौसेनं बरंच सोनं घालून मी संरक्षणाचा क्लोकही (अंगावरचा झगा) घेतला होता. बेरीज मात्र हलली नाही. कारण हे संरक्षण जातीजातीचं असतं. अंगठी आणि क्लोक दोन्ही 'डिफ्लेक्शन' जातीचे, आणि एका जातीतलं सर्वांत मोठं तेवढंच धरलं जातं. गळ्यातल्या ताइताचं संरक्षण 'नॅचरल' जातीचं असतं, बुटांचं 'डॉज' जातीचं, ते वेगळे मोजले जातात. बार्कस्किनचं औषध घेतलंत तर तेही नॅचरल, म्हणजे ताइतात मिसळणार नाही, दोहोंपैकी मोठं असेल ते लागू. मी क्लोक विकला, एक-एक आकडा वाढवणारे ताईत आणि बूट घेतले, मोठी ढाल सोडून त्याहून मोठी टॉवर शील्ड घेतली. 20 चे 23 झाले. आता त्याच शत्रूचे वीसपैकी सातच वार लागणार होते. दहाचे सात! कुठलीही नवी तलवार इतकं देत नाही, आणि नवखे सगळे तलवारीच्याच मागे असतात. मीही होते.

उभं कुठे राहायचं हेही तितकंच महत्त्वाचं. दारात उभं राहा. मोकळ्या खोलीत चौघं तुम्हाला घेरतात, दारात एक किंवा दोनच पोहोचतात. बर्डीच्या बाजारात, मेन रोडवर दिवाळीआधीच्या रविवारी कधी गेला असाल तर अरुंद जागेत किती माणसं एका वेळी पुढे सरकू शकतात ते तुम्हाला सांगायला नको. लढाई सुरू होताच स्पेस बार दाबून खेळ थांबवा, कोण कुठे आहे पाहा, मंत्र म्हणणारा कोण ते शोधा. थांबलेल्या खेळातही आज्ञा देता येते. आणि शत्रूला चिकटून उभे असताना पाठ फिरवून पळू नका, त्याला फुकटचा एक वार मिळतो.

सोबत्यांबद्दल फार लिहीत नाही. ते स्वतःच्या बुद्धीनं चालतात, दिसेल त्यावर धावून जातात, त्यामुळे दार उघडण्याआधी त्यांना 'इथेच थांब' सांगत जा. 'हार्डकोर' नियमांवर खेळत असाल तर फायरबॉल आपल्याच माणसांनाही भाजतो, तेवढं लक्षात असू द्या.

औषधांवर मात्र बोलायलाच हवं, कारण कठीण मॉड्यूलमध्ये खरी परीक्षा तिथेच असते. साध्या मॉड्यूलमध्ये शत्रू आसपास नसला की कुठेही विश्रांती घ्यायची, जीव भरला, मंत्र परत आले, पुढे चला. माझ्या मॉड्यूलमध्ये ठरावीक जागीच झोपता यायचं, दोन जागांच्या मध्ये पाच-सहा लढाया. अशा वेळी पिशवीतलं प्रत्येक औषध म्हणजे खर्चायचा पैसा. माझी आई महिन्याच्या सुरुवातीला किराण्याचे पैसे वेगळ्या डब्यात ठेवते, पण ते ठेवलेले पैसे ती महिन्याभरात खर्चही करते. मी नुसतीच ठेवत होते. 'पुढे मोठी लढाई येईल' म्हणून एकोणीस औषधं पिशवीत आणि बख्त मेलेला, असं माझं दोनदा झालं. बनवणाऱ्यानं ती औषधं तुम्ही प्यावी म्हणूनच ठेवलेली असतात, लढाया त्याच हिशेबानं बांधलेल्या असतात. वेळेचाही अंदाज ठेवा. ताकद वाढवणाऱ्या बुल्स स्ट्रेंग्थसारखा परिणाम तासांत मोजला जातो, पण गेममधला एक तास, बनवणाऱ्यानं बदलला नसेल तर, आपल्या दोन मिनिटांचा असतो. असं औषध दाराबाहेर पिऊन आत जाता येतं. जे राउंडमध्ये मोजतात ते अगदी उंबऱ्यावर.

आणि सेव्ह. वरचेवर सेव्ह करा, आणि एकाच जागी करू नका. मेअखेरीस एका संध्याकाळी वादळ आलं, लाईन गेली, माझ्या लॅपटॉपची बॅटरी कधीच निकामी झालेली. तीन तासांचा खेळ गेला. अंधारात गच्चीवर जाऊन बसले आणि रडले, हे कबूल करते. त्यानंतर प्रत्येक लढाईआधी नवा सेव्ह, नावासकट.

शेवटच्या दालनात एक मांत्रिक होता, दोन्ही बाजूंना तिरंदाज. पहिल्या राउंडलाच तो भीतीचा मंत्र टाकायचा आणि बख्त वेड्यासारखा पळत सुटायचा. मेले, खिडकी वर ओढली: विल सेव्ह (मनावरच्या मंत्राला तोंड द्यायचा फासा), अपयश. फायटरचा विल सेव्ह कच्चाच असतो, तो ऐनवेळी फारसा वाढत नाही. पण पिशवीत क्लॅरिटीचं औषध होतं, दुसऱ्या प्रकरणात मिळालेलं, मनावर चालणाऱ्या मंत्रांपासून वाचवणारं. ते थोडेच राउंड टिकतं. उंबऱ्यावर प्यायले, तिरंदाजांकडे न बघता सरळ मांत्रिकावर गेले. त्यानं भीतीचा मंत्र टाकला, खिडकीत ओळ आली की बख्तवर परिणाम नाही. मी इतक्या जोरात ओरडले की स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "काय झालं व?"

मॉड्यूल संपल्यावर मी ते टूलसेटमध्ये उघडलं. खेळून झाल्यावरच उघडा, आधी नाही. त्या शेवटच्या दालनाचा नकाशा वरून पाहिला. शत्रू कुठल्या रेषेवर पाय पडला की उभे राहतात ती आखणी दिसली, तिरंदाजांच्या जागा दिसल्या. डावीकडच्या तिरंदाजासमोर एक खांब होता. मी त्या खांबाआडून गेले असते तर त्याचे काही बाण कदाचित चुकले असते. आणि पुलाकडे जायच्या वाटेवर, मी कधी न उघडलेल्या झोपडीत, एक म्हातारा शिपाई उभा केलेला होता. त्याचा संवाद उघडून वाचला. पुलावरचे दरोडेखोर माणसाला आधी खाली पाडतात, पाय घट्ट रोवून उभा राहायला शिक, असं तो सांगत होता.