पुश-अपचं चॅलेंज मध्येच सुटू नये म्हणून

भरतीची तयारी करणारी खानापूर-निपाणीकडची पोरं महिन्याभराचं रोज १०० पुश-अपचं चॅलेंज घेतात आणि पहिल्याच आठवड्यात खांदे धरून बसतात. सगळा आकडा एका दमात काढायचा हट्ट नडतो. तो दिवसभरात वाटून घ्या.

१. नीट पद्धतीने जास्तीत जास्त किती निघतात ते मोजा. कंबर लोंबली किंवा छाती अर्ध्यातच थांबली, तर तो धरायचा नाही.

२. त्याच्या निम्मे म्हणजे तुमचा एक सेट. १२ निघत असतील तर ६.

३. असे पाच-सहा सेट रोजच्या कामांना जोडा: आंघोळीआधी, शेतावरून किंवा कॉलेजातून आल्यावर, संध्याकाळच्या चहाआधी. जेवणानंतर लगेच नको.

४. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. मग पुन्हा मोजा आणि नवा निम्मा धरा. १०० पर्यंत असंच चढत जायचं.

एकही निघत नसेल तर दारातल्या कट्ट्यावर हात टेकून सुरू करा, जमलं की खालच्या पायरीवर या, मग जमिनीवर. गुडघे टेकून करण्यापेक्षा मला हीच वाट भरवशाची वाटते, कारण अंग सरळ ठेवायची सवय सुरुवातीपासून लागते. आपल्याकडे पावसाळ्यात फरशी ओलसर राहते, तेव्हा खाली पोतं अंथरा.

स्नायू भरून आले तर चालेल, पण खांद्याच्या किंवा मनगटाच्या सांध्यात कळ आली की त्या दिवशी थांबाच. तालमीत जोर मारत असाल तर तेही याच हिशेबात धरा.